पटावर किती, हजर किती?

(शाळेच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि शाळेची पितळी घंटा टेबलावर आणून ठेवली आहे. मी आयुष्यभर मास्तरकी केली. तासाची घंटा झाल्यावरही पाच मिनिटं बोलायची खोड आहे. तेवढी सांभाळून घ्या.

सकाळी पोहे खाताना तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, "तू नक्की शिकवत होतास काय? डॉक्टर नाहीस, कलेक्टर नाहीस, मग दवाखान्याशी तुझा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. आमच्या घरीही तो तीस वर्षं विचारला गेला. उत्तर असं, की दवाखान्यात इंजेक्शन डॉक्टर किंवा सिस्टर देते. पण ते इंजेक्शन त्या दिवशी, त्या कपाटात, मुदतीच्या आत आणि थंड असलं पाहिजे, हे कुणीतरी बघावं लागतं. ते बघणारी माणसं तयार करण्याचा अभ्यासक्रम आखणं, हे माझं काम होतं. लोकप्रशासन आणि आरोग्य प्रशासन.

हा विषय काही आमच्या पिढीने शोधलेला नाही. सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण देणारी संस्था कोलकात्यात १९३२ साली सुरू झाली. १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्यातून पुढे आली. मद्रास प्रांताने १९३९ सालीच सार्वजनिक आरोग्याचा कायदा केला होता, आणि तामिळनाडूत आजही या कामासाठी अधिकाऱ्यांची वेगळी फळी आहे. आपल्या देशाच्या आरोग्य धोरणाने, सगळ्या राज्यांनी अशी फळी उभारावी, हे २०१७ साली सांगितलं. म्हणजे दवाखाना चालवणं हीसुद्धा शिकण्याची विद्या आहे, हे पटायलाच आपल्याला इतकी वर्षं लागली.

आता माझी चूक सांगतो. चुकीशिवाय मास्तराला काही येत नाही.

२००७ च्या सुमारास आमच्या विभागाकडे दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखायचं काम आलं. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झालं होतं, जिल्ह्याजिल्ह्यात व्यवस्थापक हवे होते. आम्ही सातजण टेबलाभोवती बसलो. चहा झाला आणि वाटणी सुरू झाली. ज्याला जो विषय शिकवता येत होता, तो अभ्यासक्रमात आला. मला प्रशासकीय विचारांचा इतिहास आवडायचा, म्हणून वेबर आला, टेलर आला, फेयॉल आला. ल्यूथर ग्युलिकने १९३७ साली प्रशासनाची सात कामं एका शब्दात गुंफली होती, पोस्डकॉर्ब. तो शब्द आमची पोरं झोपेतही म्हणत. नियोजन, संघटन, अंदाजपत्रक, सगळ्यांच्या व्याख्या तोंडपाठ. क्षेत्रभेट किती? एक दिवस. बसने जायचं, फोटो काढायचा, परत यायचं.

पहिल्या तुकडीतला एक हुशार मुलगा एका जिल्ह्यात कंत्राटी व्यवस्थापक म्हणून लागला. चार महिन्यांनी त्याचा रात्री फोन आला. कुत्रं चावलेल्या एका मुलाला घेऊन त्याचे वडील तीन केंद्रं फिरले होते. एका ठिकाणी लस संपलेली. दुसऱ्या ठिकाणी होती ती मुदतबाह्य. तिसऱ्या ठिकाणी मिळाली, पण तोवर बापाची दोन दिवसांची मजुरी बुडाली होती आणि अजून पुढच्या खेपा बाकी होत्या. पैसे नव्हते म्हणून हे झालं नव्हतं. खात्यात रक्कम पडून होती. तो मुलगा म्हणाला, "सर, नियंत्रणाची व्याख्या मला येते. पण साठ्याची नोंदवही समोर ठेवली तर ती वाचायची कुठून, हे येत नाही."

पोरगं वाचलं, एवढं देवाचं देणं. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. त्या नोंदवहीचं पान मीही कधी उलटून पाहिलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका लग्नात आपल्याच वर्गातली एक मैत्रीण भेटली. नाव घ्यायचं नाही असं तिने मला आजही दम देऊन सांगितलंय, पण सगळे तिच्याकडेच बघताहेत, त्याला मी काय करू! १९८० साली आपण दहावी झालो. गणितात तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. मी कॉलेजला गेलो आणि ती घरच्या परिस्थितीमुळे एएनएमच्या प्रशिक्षणाला. पुढे घाटातल्या उपकेंद्रात तिने उभी नोकरी काढली. मी तिला फोनची हकिकत सांगितली. ती हसली आणि म्हणाली, "काय रे मास्तर, दवाखाना न बघताच दवाखाना शिकवतोस? पोरांना पंधरा दिवस माझ्याकडे पाठव. आणि आधी तू ये."

मी गेलो. पहिल्या दिवशी तिने मला केंद्रातल्या लसींच्या फ्रीजपुढे उभं केलं. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते आणि तापमान रोज सकाळ-संध्याकाळ लिहायचं असतं. तिने दोन तक्ते समोर धरले. एका तक्त्यावर महिनाभर दोन्ही वेळा चार, चार, चार. दुसऱ्यावर कधी तीन, कधी सहा, एकदा नऊ, आणि शेजारी लिहिलेलं, "वीज नव्हती, लस बर्फाच्या पेटीत हलवली." "कुठला चांगला?" तिने विचारलं. मी पहिल्याकडे बोट केलं. ती म्हणाली, "नापास! भारनियमनाच्या गावात महिनाभर चार अंश कसे राहतील? त्याने थर्मामीटर बघितलेलाच नाही. नऊ लिहिणारी खरी. पण साहेब विचारणार नऊ लिहिणारीला, चार लिहिणाऱ्याला कुणी विचारत नाही."

मित्रांनो, प्रशासनावर मी पुष्कळ वाचलं, पण एवढं थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं. खरी नोंद करणाऱ्याला शिक्षा झाली, की सगळ्या नोंदी सुंदर होतात आणि लस खराब होते.

परत आल्यावर आम्ही जुना अभ्यासक्रम बाजूला ठेवला आणि उलट बाजूने सुरुवात केली. कोणते विषय शिकवायचे, हा प्रश्न आधी घ्यायचाच नाही. आपला विद्यार्थी नोकरीच्या पहिल्या शंभर दिवसांत काय काय करणार, याची यादी करायची. मागणीपत्र लिहिणं. टिपणी लिहिणं, तीही अशी की वरच्याला 'हो' किंवा 'नाही' म्हणता यावं. मार्चअखेरीआधी निधी कुठे अडकलाय ते शोधणं. माहिती अधिकारातल्या अर्जाला मुदतीत उत्तर देणं. ग्रामसभेत आवाज न चढवता उभं राहणं. ही यादी फळ्यावर लिहिली आणि मग प्रत्येक कामामागे कोणती विद्या लागते, ती शोधली. वेबर राहिला, पण आता तो फाइल का फिरते हे समजून घेण्यासाठी आला, पाठांतरासाठी नाही.

दुसरा बदल वर्गाच्या बसण्यात. आमच्याकडे एमबीबीएस, बीएएमएस झालेले यायचे आणि बीए झालेलेही यायचे. डॉक्टरांना फाइल कळत नसे आणि बीएवाल्यांना रोग. पहिल्या वेळी आम्ही त्यांना वेगवेगळं शिकवलं होतं. आता एका बाकावर एक डॉक्टर आणि एक बीएवाला, आणि दोघांना मिळून एकच गुण. पहिला महिना भांडणात गेला. नंतर त्यांचं त्यांना कळलं, की नोकरीतही शेवटी असंच बसायचं आहे.

तिसरा बदल, परीक्षेत प्रश्न खरे. उदाहरणार्थ, कुत्रं चावल्यावरची लस कातडीत देण्याच्या पद्धतीने दिली तर एका कुपीत एकापेक्षा जास्त रुग्णांचं भागतं. पण कुपी फोडल्यावर सहा ते आठ तासांत संपवावी लागते. मग एकच रुग्ण आला तर कुपी फोडायची, की त्याला उद्या बोलवायचं? आठवड्याचे वार ठरवायचे का? पहिला डोस तर थांबवता येत नाही, मग कोणते डोस वारांवर बसवता येतील? याला एकच उत्तर नाही. पण चूक उत्तर एक नक्की आहे, 'लस वाया जाते म्हणून रुग्ण परत पाठवला.' ते लिहिलं की शून्य.

आणि साथरोगशास्त्राचा पहिला तास मी आपल्या शाळेतून उचलला. आठवतं ना, वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात मॉनिटर रोज लिहायचा, 'पट ५४, हजर ४७.' मी तेच फळ्यावर लिहायचो आणि विचारायचो, दवाखान्यात आज चाळीस रुग्ण आले, हे कशापैकी चाळीस? गाव केवढं? न आलेले बरे आहेत म्हणून आले नाहीत, की बस नाही म्हणून? हजर असलेले सगळ्यांना दिसतात. पट विचारतो तो प्रशासक.

हे सगळं मंजूर करून घेताना विद्यापीठात बरीच वादावादी झाली. खेड्यात राहण्याला श्रेयांक कसले, इथून सुरुवात. तो मुद्दा आम्ही जिंकलो. सहा आठवड्यांचं क्षेत्रकार्य मान्य झालं. पण आपल्या मैत्रिणीने मुलांना गुण द्यावेत, हा माझा प्रस्ताव फेटाळला गेला. "मार्गदर्शक दहावी पास? नियमात बसत नाही." मी जामखेडचा दाखला दिला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून तिथे जेमतेम शिकलेल्या खेड्यातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं आणि पुढे शिकलेसवरलेले डॉक्टर त्या बायकांकडून शिकायला येऊ लागले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि नियम दाखवला. मी तेव्हा भांडायला हवं होतं. अभ्यासक्रम अडकेल या भीतीने मी गप्प बसलो आणि सही केली. पुढची अनेक वर्षं आमची मुलं तिच्याकडे जात राहिली, तिच्या घरी जेवत राहिली. आणि विद्यापीठाच्या एकाही कागदावर तिचं नाव नाही. मानधनाचं बिलसुद्धा शेरा मारून परत आलं होतं.

२०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने कामातल्या अनुभवी माणसांना प्राध्यापक म्हणून आणायची वाट काढली. तिथे पदवीची सक्ती नाही, पंधरा वर्षांचा अनुभव हवा, शक्यतो वरिष्ठ पदावरचा. त्या शेवटच्या शब्दांपाशी उपकेंद्रातली सिस्टर पुन्हा दाराबाहेर राहते. मी आता निवृत्त आहे, पण जिथे अभ्यासक्रम आखायला बोलावतात तिथे हा मुद्दा मांडतो. आजही या व्यासपीठावरून, सगळ्यांसमक्ष तिला सांगतो. त्या अभ्यासक्रमातला निम्मा भाग तुझा होता, आणि मी ते तेव्हा लिहायला धजलो नाही. मला माफ कर.

उपयोग काय झाला, हे विचाराल. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याच पहिल्या तुकडीतल्या मुलाचा पुन्हा रात्री फोन आला. या वेळी रडत नव्हता, हिशेब ताडून घेत होता. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर प्राणवायू. रुग्णाला मिनिटाला दहा लिटर लागला तर एक सिलिंडर सातशे मिनिटं, म्हणजे बारा तासही नाही. असे वीस रुग्ण असतील तर दिवसाला एकेचाळीस-बेचाळीस सिलिंडर. "गाडी पहाटे चारला निघायला हवी, बरोबर ना सर?" बरोबर होतं. सातवीतलं त्रैराशिक, दुसरं काही नाही. आपले गणिताचे सर समोर बसले आहेत. सर, तुम्ही छडी मारून जे शिकवलंत, ते त्या रात्री एका वॉर्डाच्या उपयोगी पडलं. छडीचं मात्र मी अजून विसरलेलो नाही.

घंटेकडे हात गेलेला दिसतोय. शेवटचं एकच. सकाळी प्रवेशदाराजवळच्या फळ्यावर कुणीतरी हौसेने लिहिलंय, 'पट ५४, हजर ३८.' सातजण आता कधीच हजर होणार नाहीत. त्यांना आपण सुरुवातीला श्रद्धांजली वाहिली. म्हणजे राहिले नऊ. त्या नऊजणांचा पत्ता संयोजकांकडे नाही. त्यांच्यात आठवी-नववीनंतर कामाला लागलेले आहेत, लग्न होऊन गेलेल्या मुली आहेत, ज्यांचं आडनावही आपल्याला आता ठाऊक नाही. व्हॉट्सॲपच्या गटात जे नाहीत, त्यांना निरोप तरी कसा गेला असेल?

माझी विनंती आहे, की पुढच्या मेळाव्याच्या खर्चातून जेवणातला एक गोड पदार्थ कमी करा आणि त्या पैशांतून या नऊजणांना शोधा. दोन नावं मी घेतो. बाकीची सात कोण घेतंय, ते जेवणाआधी त्याच फळ्यावर लिहा.