तार पुसली तर



आता घरोघरी मोबाइल आहे आणि मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. म्हणून आज आम्ही फोटोविषयी बोलणार आहोत.

मागच्या थंडीत आमच्या नातवाने तळ्यावर खंड्या पक्ष्याचा फोटो काढला. खंड्या विजेच्या तारेवर बसला होता. पोराने मोबाइलवर बोट फिरवले, तार पुसली आणि तिथे बाभळीची फांदी बसवली. "आजोबा, तार वंगाळ दिसत होती," म्हणाला. आम्हीही शाबासकी दिली. ती आमची चूक.

रात्री एक वाचलेली हकीकत आठवली. ती चीन देशातली आहे.

2006 साली तिबेटच्या पठारावर नवी रेल्वे सुरू झाली. त्या पठारावर चिरू नावाची हरणे राहतात. त्यांच्या मऊ लोकरीच्या शाली होतात. त्यापायी चोरटी शिकार होऊन ती फार घटली होती. आता रेल्वेने ती बिथरतील, त्यांच्या वाटा तुटतील, अशी काळजी लोकांना होती. त्याच वर्षी एका वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराचा फोटो आला. वर पुलावरून गाडी चालली आहे. खाली चिरूंचा कळप न बिचकता आपल्या वाटेने जातो आहे. फोटोला बक्षीस मिळाले. बघणाऱ्याला वाटले, चला, काळजी मिटली!

2008 साली कोणीतरी तो फोटो नीट न्याहाळला. तळाशी बारीक रेघ दिसली. तो सांधा होता. एक फोटो गाडीचा, एक हरणांचा, दोन्ही जोडलेले. छायाचित्रकाराने कबुली दिली. त्याला नोकरी सोडावी लागली.

बरे, रेल्वेने हरणांसाठी पुलाखालून वाटा ठेवल्या होत्या. हरणे त्या वाटांनी जातात, हेही खरे आहे. पण एकदा असा फोटो पकडला गेला, की खरे सांगणाऱ्यावर तरी कोण विश्वास ठेवणार?

तुम्ही म्हणाल, मग फोटोला हातच लावायचा नाही का? तसे नाही. सातबारा फिका दिसतो म्हणून झेरॉक्स गडद काढली, तर चालते. शेजाऱ्याचे नाव खोडून काढली, तर चालेल का? तसेच हे. अंधारलेला फोटो उजळावा, कडेचा भाग कापावा. लंडनच्या निसर्ग-संग्रहालयाची मोठी फोटो-स्पर्धा असते. तिथे निवडीच्या वेळी कॅमेऱ्यातली मूळ फाईल मागतात. लग्नाच्या फोटोत नवरीला गोरी करतात, ते आम्हाला आवडत नाही. पण तो विषय वेगळा.

आता आमच्या तारेचे. ती तार फार खाली लोंबते. तिला चिकटून मागे एक बगळा मेला. तार उंच करा असा अर्ज द्यायचा, तर सोबत फोटो हवा. आणि आमच्या फोटोत तर बाभळीची फांदी!

सकाळी नातवाला विचारले. तो म्हणाला, "पहिला फोटो ठेवलाय की आजोबा." तोच आम्ही अर्जाला जोडला आहे. उत्तर अजून यायचं आहे.