सातपुड्याच्या पायथ्याची निहाली



बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद हा तालुका आहे. तिथल्या जामोद, सुनगाव आणि आसपासच्या गावांत निहाल समाजाची वस्ती आहे. त्यांच्या भाषेचं नाव निहाली. ती बोलणारी माणसं जेमतेम दोन-अडीच हजार असतील.

आपल्या मराठीला हिंदी, गुजराती, बंगाली अशी भावंडं आहेत. गोंडीचे सोयरे तेलुगू आणि कन्नड. मेळघाटातली कोरकू थेट झारखंडच्या मुंडारी-संथाळीशी नातं सांगते. निहालीला मात्र जगात कुणीच नातलग सापडलेला नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात तिला कोरकूच्या शेजारी बसवलं होतं. पुढे डच अभ्यासक कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. तिच्यातले सुमारे पाव शब्द कोणत्याही ज्ञात भाषेशी जुळत नाहीत, असं त्यांना आढळलं.

उरलेल्या शब्दांत या समाजाचा इतिहास साठला आहे. निहाल माणसं पिढ्यान् पिढ्या कोरकूंच्या शेतांवर मजुरीला गेली, म्हणून कोरकूचे शब्द भरपूर. दोन, तीन, चार हे आकडे द्राविडी वळणाचे. पाचापासून पुढची मोजणी हिंदी-मराठीची. म्हणजे जो जो शेजारी भेटला, त्याच्याकडून या लोकांनी काही ना काही घेतलं आणि तरीही स्वतःचं जपून ठेवलं. निहाली ही लुटारूंची सांकेतिक बोली असावी, अशीही शंका कायपर यांनी मांडली होती. मला ती पटत नाही. आई तान्ह्या लेकराशी जी भाषा बोलते, तिला सांकेतिक कसं म्हणायचं? पुण्याच्या आशा मुंडले आणि डेक्कन कॉलेजचे शैलेंद्र मोहन यांनी निहालीचे शब्द आणि व्याकरण नोंदवून फार मोलाचं काम केलं आहे.

सरकारी कागदावर मात्र ही भाषा दिसत नाही. १९६१च्या जनगणनेत १,६५२ मातृभाषांची नावं होती. १९७१पासून दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषा यादीत छापणंच थांबलं आणि आकडा १०८वर आला. निहाली त्या उंबरठ्याबाहेरच राहिली. ज्या भाषेचं नाव यादीत नाही, तिच्यासाठी पुस्तक कोण छापणार? अंगणवाडीत तिची गाणी कोण म्हणणार? निहाल मूल पहिल्या दिवसापासून मराठी पाटीसमोर बसतं. बाजारात, मजुरीच्या ठिकाणी निहाली बोललं की लोक हसतात, म्हणून आईबापही मुलांशी कोरकू किंवा मराठी बोलू लागतात. मराठीला २०२४ साली अभिजात दर्जा मिळाला, त्याचा मला मनापासून आनंद आहे. याच राज्यातल्या या एकुलत्या भाषेची राखण करणं हेही मराठी माणसाचंच काम आहे, असं मी मानतो.

२०२७च्या जनगणनेत प्रगणक जामोदच्या वस्तीतही जातील. तिथल्या शिक्षकांना आणि ग्रामपंचायत सदस्यांना माझी विनंती आहे. घरोघरी आधीच सांगून ठेवा, की मातृभाषेच्या रकान्यात कोरकू नको, मराठी नको, निहालीच लिहायला सांगा. आणि प्रगणकाने तेच लिहिलं आहे ना, हे शेजारी उभं राहून पाहा.