पेशी आपल्याच, पण पुरावा कुठे?



मागच्या वर्षी माझ्या मामूंना हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. पण हृदयाची ताकद बरीच घटली. तेवढ्यात कुणीतरी एका खासगी केंद्राचं पत्रक आणून दिलं. तुमच्याच स्टेम सेल वापरून हृदय पुन्हा सशक्त करू, असा त्यात दावा होता. मुमानींनी बांगड्या काढून ठेवल्या आणि मला विचारलं, "बेटा, त्यांच्याच अंगातलं काढून त्यांनाच द्यायचं, मग नुकसान काय?"

प्रश्न रास्त होता. मी वाचायला बसलो.

रक्तवाहिनी बंद झाली की हृदयाचा स्नायू मरतो आणि तिथे व्रण उरतो. स्नायूच्या नव्या पेशी फारच थोड्या तयार होतात. म्हणून 2001 साली जर्मनीत बोडो स्ट्रॉअर यांनी रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत सोडल्या. जगभर आशा पसरली.

मग तुलना करून पाहणं सुरू झालं. जर्मनीतल्याच 'बूस्ट' चाचणीत 60 रुग्ण होते. निम्म्यांना पेशी दिल्या, निम्म्यांना फक्त नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पेशीवाला गट पुढे होता. अठरा महिन्यांनी ठोस फरक उरला नाही. युरोपातल्या 'बामी' चाचणीत 3,000 रुग्ण घ्यायचे ठरलं होतं, मिळाले 375. पेशी देऊन मृत्यू कमी होतात, हे त्यातून सिद्ध झालं नाही. हृदयातच स्टेम सेल असतात आणि त्या नवा स्नायू घडवतात, असं सांगणाऱ्या पिएरो अँव्हर्सा यांच्या प्रयोगशाळेचे 31 शोधनिबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस 2018 मध्ये हार्वर्डने केली. कारण, आकडेवारीतली बनवाबनवी.

संशोधन थांबलेलं नाही, थांबूही नये. पण प्रयोग वेगळा आणि उपचार वेगळा. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपचार सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात.

मी त्या केंद्राला फोन करून दोनच प्रश्न विचारले: चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? आणि प्रयोग असेल तर पैसे कशाचे? उत्तर आलं, "आधी पेशंटला घेऊन या."

मुमानींना मी सांगितलं, "नुकसान आहे. बांगड्या जातील, आणि नव्या उपचाराच्या भरवशावर मामू गोळ्या सोडतील."

मामू आज रोज गोळ्या घेतात, डॉक्टरांनी सांगितलं तेवढं चालतात. तंबाखू सुटली आहे. तुमच्या घरी कुणाच्या छातीत दुखलं, तर 'गॅस असेल' म्हणत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा. मेलेला स्नायू परत आणणं अजून जमलेलं नाही. मरू घातलेला वाचवता येतो. आणि कुणी असं पत्रक आणलं, तर पैसे मोजण्याआधी तेच दोन प्रश्न विचारा.

मुमानींच्या बांगड्या त्यांच्या हातात आहेत.