आत्म्याला समता आणि देहाला विटाळ

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला विषय दिला आहे 'द्वैतवाद'. विषय जड आहे आणि मी कॉलेज पाहिलेला माणूस नाही. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. तेव्हा आपल्या भाषेत सांगतो. देह वेगळा, आत्मा वेगळा; देह नाशवंत, आत्मा अमर, असं मानणं म्हणजे द्वैत. सांख्यांनी पुरुष आणि प्रकृती असे दोन भाग केले. युरोपात देकार्त या फ्रेंच पंडिताने १६४१ साली मन आणि शरीर अशी फाळणी मांडली. पण १६४३ साली बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने त्याला पत्रातून विचारलं की, ज्या आत्म्याला आकारच नाही तो देहाला हलवतो कसा? पंडिताला धड उत्तर देता आलं नाही. एका बाईने नेमकी गाठ धरली!

तुम्ही म्हणाल, याचं आपल्याला काय? फार आहे. या देशात आत्मा सर्वांच्या ठायी एकच असं सांगणारे पुष्कळ झाले, पण पाणवठ्यावर विटाळ मात्र आपल्या देहाचा झाला. आत्म्याला समता आणि देहाला अस्पृश्यता, ही सोय द्वैताने करून दिली. वरून कर्माचा हिशेब: तुझ्या आत्म्याने मागच्या जन्मी पाप केलं, आता भोग. आत्माच नसेल तर ही थकबाकी कोणाच्या खात्यावर मांडणार? १९२७ साली परमपूज्य बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले, ते ह्याच देहाच्या ओंजळीने.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर निघाला. त्याच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी स्वतःच विचारलं आहे की, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? पुढे जाणिवेबद्दल ते विजेचा दाखला देतात. वीज वाहू लागली की तिच्यासोबत चुंबकीय क्षेत्र आपोआप येतं, तशी देहासोबत जाणीव येते. बाहेरून कोणी येऊन बसत नाही. त्याआधी सारिपुत्तांनी नळाच्या दोन पेंढ्यांची उपमा दिली होती. एकमेकींच्या आधाराने उभ्या असतात, एक काढली की दुसरी पडते. आपल्याकडे तुराट्यांच्या पेंढ्या उभ्या करतात, तशाच समजा.

गिरणीवाल्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. रात्रपाळीचा आठवडा लागला की झोप मोडते, डोकं तापतं, आणि पोराच्या हातून पेला पडला तरी घरात आरडाओरड होते. अंग थकलं की मन चिडतं, मन खचलं की अंग उठत नाही.

आता आपल्या वस्तीकडे या. पोराला टायफॉइड झाला तर आपण त्याला मेडिकलला नाहीतर मेयोला नेतो. पण तोच पोरगा रात्र रात्र झोपत नाही, जेवण टाकतो, एकटाच बोलतो, तर 'बाहेरचं झालं' म्हणून मांत्रिक शोधतो, नाहीतर दार लावून लपवतो. काहून? कारण देहाचं दुखणं खरं आणि मनाचं दुखणं भुताखेताचं, हे द्वैत दीक्षा घेऊनही आपल्या डोक्यातून गेलं नाही. मनोरुग्णालयाला आपण पागलखाना म्हणतो, चौकालाही तेच नाव पाडून ठेवलं. अशा घरी मग मुलीची सोयरीक जुळत नाही, ही भीती मायबापाला असते. ती मी खोटी म्हणत नाही. पण लपवण्यात दोन-दोन वर्षं जातात आणि दुखणं जुनं होतं.

कायदा याबाबत आपल्यापुढे गेला आहे. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवतो म्हणून मारणं, बांधणं, हा गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने वागवा असं सांगितलं, विम्यातसुद्धा. २०२२ पासून सरकारचा टेली-मानस हा मोफत फोन सुरू आहे, नंबर १४४१६. मराठीतही बोलता येतं. हा नंबर कमिटीने विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहावा, अशी माझी सूचना आहे.

दारूबद्दलही बोलायचं होतं, तिथेही मन आणि देह दोन्ही अडकलेले असतात. पण भन्तेजींची धम्मदेसना बाकी आहे. दारूचं रविवारी, वंदनेनंतर बोलू. ज्यांच्या घरी हे दुखणं आहे त्यांनी जरूर यावं.

जयभीम! नमो बुद्धाय!