दुखणं अंगावर काढू नका
(महिला मेळाव्यातील भाषण)

भगिनींनो, अचानक दम लागला, मळमळलं, जबडा-पाठ दुखली, दरदरून घाम फुटला की आपण म्हणतो, "पित्त झालंय." हृदयविकाराच्या झटक्यात छाती दुखते, पण बायकांमध्ये कधी नुसती हीच लक्षणं दिसतात. तेव्हा आरती संपायची वाट पाहू नका, लगेच इस्पितळ गाठा.

गरोदरपणी रक्तदाब किंवा साखर वाढली होती का? मग पुढेही धोका अधिक असतो. डॉक्टरांना जरूर सांगा. पाळी गेल्यावर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासत राहा. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा, पापड-लोणच्यातलं धरून. आठवड्यातले पाच दिवस ३० मिनिटं भरभर चाला. मशेरी, तंबाखू सोडा.

घरच्यांची पथ्यं सांभाळता, तशी स्वतःचीही सांभाळा. गणपती बाप्पा मोरया!