राजमाची राहून गेली



बँकेत होतो तेव्हा आम्ही दादरहून रात्रीच्या गाडीने लोणावळ्याला उतरायचो आणि तुंगार्लीवरून राजमाचीपर्यंत १५-१६ किलोमीटर चालायचो. निवृत्तीनंतर गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून आपल्या सोसायटीतले आम्ही चौघे माझ्या छोट्या गाडीतून निघालो. दिवाळी नुकतीच झाली होती.

तुंगार्ली मागे पडली, डांबर संपलं. नुसते दगडगोटे, गाडी पहिल्या गिअरवर. "काका, ही जीपची वाट आहे," एक गाववाला म्हणाला. मी कसला ऐकतोय! लोकांच्या कर्जाची जोखीम तपासण्यात नोकरी गेली, आणि इथे स्वतःची तपासली नाही. एका चढावर खालून खडक लागला, ऑइल चेंबर फुटला, तेल सगळं मातीत. गाडी मागे सरकू नये म्हणून आपले अण्णा, बायपास झालेला माणूस, चाकामागे दगड लावत होते. त्यांना धाप लागलेली पाहिली आणि माझं पाणी पाणी झालं.

उधेवाडीची जीप आली. अण्णांना आधी खाली पाठवलं. श्रीवर्धन, मनरंजन दोन्ही राहिले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. अण्णा म्हणाले, "पुढच्या वेळी जीप आधीच सांगून ठेवू."

ती वेळ आली नाही. त्यांची काठी मात्र अजून माझ्या डिकीत आहे.