साधन आणि स्वाधीनता
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कोणाच्या घरी गेले की मोठ्या माणसाला विचारले जाते, "चहा घेणार की कॉफी?" सेरेब्रल पाल्सी असलेल्या तिशीतल्या माणसाच्या बाबतीत मात्र तोच प्रश्न त्याच्या आईकडे जातो : "हा काय घेतो?" तो समोरच बसलेला असतो. त्याला सर्व ऐकू येत असते, बहुधा समजतही असते. उत्तर आई देते. ते प्रेमाने देते आणि सहसा अचूकही देते, कारण त्यामागे तिचा तीस वर्षांचा अनुभव असतो. त्या दिवशी त्याला वेगळे काही हवे असेल, ही शक्यता मात्र कोणाच्याच मनात येत नाही. सहायक तंत्रज्ञान हा विषय ऐकताना यंत्रांचा वाटतो, पण त्याची सुरुवात ह्या चहा-कॉफीपाशी होते.

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम ह्यांना एकत्रितपणे विकासात्मक अपंगत्व म्हणतात. ते जन्मतः असते किंवा बालपणी लक्षात येते, आणि आयुष्यभर सोबत राहते. तो आजार नव्हे; त्यामुळे तो बरा करण्याच्या खटपटीत दवाखान्यामागून दवाखाने आणि नवसामागून नवस करण्यात मुलाची शिकण्याची वर्षे निघून जातात, हे फार घरांत घडले आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, आणि त्यांतील सुमारे १५ लाख बौद्धिक अक्षमतेच्या रकान्यात होत्या. त्या रकान्याचे नाव तेव्हा निराळे होते. मराठीत 'मतिमंद' हा शब्द इतका रुळला होता की शाळांच्या पाट्यांवरही तो निःसंकोच रंगवला जाई. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले आणि स्वमग्नतेला त्यात स्वतंत्र स्थान मिळाले. सिकंदराबाद येथे १९८४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेनेही आपले जुने नाव टाकून 'बौद्धिक अक्षमता' आणि 'सक्षमीकरण' हे शब्द नव्या नावात घेतले. शब्द बदलल्याने माणूस लगेच बदलत नाही हे खरे, परंतु पाटीवरचा शब्द मूल रोज वाचते, हेही तितकेच खरे.

ह्या विषयात एका बोटाची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मालिनी चिब ह्यांचा जन्म १९६६ सालचा. सेरेब्रल पाल्सीमुळे हातापायांवर आणि जिभेवर मेंदूचे नियंत्रण अपुरे. बुद्धी मात्र पूर्ण शाबूत. सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेकांचे दुर्दैव हेच असते : उच्चार अस्पष्ट, म्हणून विचारही अस्पष्ट असणार, असा निष्कर्ष ऐकणारा काढून मोकळा होतो. त्यांच्या आई डॉ. मिठू अलूर ह्यांनी १९७२ साली मुंबईत 'स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन केली. तीच आज 'अडॅप्ट' ह्या नावाने ओळखली जाते. मालिनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि पुढे त्यांनी लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या. टंकलेखनासाठी त्यांच्या ताब्यात होते हाताचे एक बोट. त्याच बोटाने त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले आणि त्याचे नावही 'वन लिटल फिंगर' असेच ठेवले. टाईप केलेले वाक्य मोठ्याने बोलून दाखवणारे 'लाइटरायटर' हे लहानसे यंत्र त्यांच्या हाती आले, तेव्हा अनोळखी माणसाशी दुभाष्याविना संवाद होऊ लागला. आईने मुलीचे बोलणे इतरांना समजावून सांगण्यात मायाच असते. पण मैत्रिणीशी करायच्या गोष्टी आईच्या तोंडून सांगाव्या लागणे ही विशीतल्या मुलीची केवढी कुचंबणा!

त्यांच्या आयुष्यातील दुसरे साधन म्हणजे विजेवर चालणारी चाकाची खुर्ची. लंडनमध्ये उतरत्या कडांच्या पदपथांमुळे आणि उताराची फळी असलेल्या बसमुळे त्या खुर्चीला रस्ता मिळाला. मुंबईच्या पदपथावर तीच खुर्ची दहा पावलांत अडते. शरीर तेच, बोट तेच, खुर्चीही तीच. साधनाची अर्धी किंमत दुकानात मोजली जाते आणि उरलेली अर्धी नगरपालिकेने मोजायची असते.

बोलणाऱ्या यंत्रांची किंमत हा भारतात मोठा अडसर होता. परदेशी यंत्रांना काही लाख रुपये पडत आणि ती बोलत इंग्रजी. चेन्नईत अजित नारायणन ह्या आयआयटी मद्रासच्या माजी विद्यार्थ्याने 'विद्यासागर' ह्या संस्थेतील मुलांच्या सहवासात 'आवाज' हे साधन घडवले. आधी ते स्वतंत्र यंत्र होते, पुढे टॅबलेटवरचे ॲप झाले. चित्रांना बोट लावायचे, चित्रांचे वाक्य होते, आणि टॅबलेट ते बोलतो. आयआयटी मुंबईच्या आयडीसी ह्या अभिकल्प विभागाने 'जेलो' हे असेच चित्रांचे ॲप विनामूल्य उपलब्ध करून दिले, आणि ते मराठीही बोलते.

मराठीत बोलते, एवढ्याने मात्र काम संपत नाही, आणि भाषेच्या शिक्षकांनी खरे तर इथेच पुढे यायला हवे. इंग्रजीत 'मी', 'जाणे', 'शाळा' ही तीन चित्रे ओळीने ठेवली की वाक्य जवळजवळ तयार होते. मराठीत 'शाळा' ची 'शाळेत' व्हावी लागते, आणि बोलणारा मुलगा असेल तर 'जातो', मुलगी असेल तर 'जाते'. यंत्राने दहा वर्षांच्या मुलाच्या वतीने "मी जाते" म्हटले की वर्ग हसतो, आणि दुसऱ्या दिवशी तो मुलगा यंत्राला हात लावत नाही. परक्या चित्रसंचात आत्या, मावशी, काकू आणि मामी ह्या चौघींना मिळून एकच चित्र असते! बर्फात खेळणारी मुले असतात, वरणभात नसतो. विभक्तीची तालिका पाठ करून घेणाऱ्या मराठी शाळांना ह्या कामात हातभार लावता येईल, ही कल्पना थोडी गमतीची वाटली तरी अगदी अस्थानी नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांची अडचण आणखी वेगळी असते. घरी मराठी, शेजारी तेलुगू किंवा बंगाली, उपचारकेंद्रात हिंदी नाही तर इंग्रजी. "मुलाला गोंधळवू नका, एकच भाषा ठेवा," असा सल्ला अशा पालकांना हमखास मिळतो आणि टाकली जाते ती घरची भाषा. डाउन सिंड्रोम आणि स्वमग्नता असलेल्या द्विभाषिक मुलांवरील अभ्यासांत दुसऱ्या भाषेमुळे नुकसान होते, ह्याला आधार सापडलेला नाही. नुकसान होते ते आजीचे आणि नातवाचे. दोघे एका खोलीत असतात आणि त्यांच्यामध्ये भाषा उरत नाही.

पालकांच्या मनातली आणखी एक भीती अशी, की यंत्र बोलू लागले तर मूल स्वतः बोलायचे थांबेल. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यात काटेकोर पुरावा असलेली २७ उदाहरणे तपासली गेली. त्यांपैकी एकाचेही बोलणे अशा साधनांमुळे घटले नव्हते, बहुतेकांचे थोडेफार वाढलेच होते. म्हणून "आधी बोलू दे, मग बघू" ही प्रतीक्षा मुलाच्या हिताची नाही.

तथापि साधनाच्या नावाखाली जे जे पुढे केले जाते ते सगळे साधन नसते. मुलाचा हात किंवा मनगट धरून त्याच्याकडून अक्षरे टिपून घेण्याची एक पद्धत गेल्या शतकाच्या अखेरीस फार गाजली. जे मूल कधी बोलले नव्हते, ते एकाएकी सुंदर वाक्ये लिहू लागले, तेव्हा आईवडिलांना काय वाटले असेल! पुढे चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र आणि सहायकाला दुसरे चित्र दाखवले. उमटले ते सहायकाने पाहिलेल्या चित्राचे नाव. फसवणूक जाणूनबुजून नव्हती, सहायक प्रामाणिक होते. पण आवाज मुलाचा नव्हता. अमेरिकेतील वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली ह्या पद्धतीविरुद्ध स्पष्ट निवेदन काढले. मूल हळू, चुकत, दोनच शब्द पण स्वतः निवडत असेल, तर ते शंभर उसन्या वाक्यांहून मोलाचे मानले पाहिजे.

सगळीच साधने विजेवर चालत नाहीत. जाड मुठीचा चमचा, ताटाखाली न सरकणारी रबरी चटई, चपलेला वेल्क्रो, दारावर ओळीने लावलेली सकाळच्या कामांची चित्रे : दात, आंघोळ, कपडे, नाश्ता, डबा. झालेले काम काढून पाकिटात टाकायचे. "आता काय करू?" हा प्रश्न दिवसातून चाळीस वेळा आईला विचारणारा मुलगा तोच प्रश्न दाराला विचारू लागतो आणि दार चिडत नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजता न येणाऱ्या मुलीला मोबाइलचा गजर पुरतो. सुट्ट्या पैशांचा हिशेब ज्याला जमत नाही, तो क्यूआर कोडने दूध आणू शकतो, मात्र खात्यात थोडीच रक्कम ठेवणे शहाणपणाचे. ठावठिकाणा सांगणारे घड्याळ मनगटावर बांधले की आईला झोप लागते. वीस वर्षांच्या मुलाला ते बांधताना त्याची संमती विचारली होती का, हा प्रश्न मात्र बहुतेक घरांत अनुत्तरितच राहतो.

कानपूरच्या 'अलिम्को' ह्या १९७२ साली स्थापन झालेल्या सरकारी उपक्रमात तयार होणारी साधने 'एडिप' योजनेतून मिळतात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजना आहे. शिबिरात साधन मिळते, छायाचित्र निघते, आणि पुष्कळदा ते साधन कपाटावर जाऊन बसते, कारण ते कसे वापरायचे हे शिकवायला पुन्हा कोणी येत नाही.

"आमच्यानंतर ह्याचे कसे?" हा ह्या पालकांचा प्रश्न. त्याचे उत्तर म्हणून बहुतेक घरांत पालकत्वाचा कागद शोधला जातो. २०१६ च्या कायद्याने मर्यादित पालकत्वाची कल्पना मांडली. पालकाने एकट्याने नव्हे, तर त्या व्यक्तीच्या जोडीने, परस्पर विश्वासाने निर्णय घ्यावा, असे कायदा म्हणतो. पण ज्याला आयुष्यात कधी शर्टाचा रंगही निवडू दिला नाही, त्याने चाळिसाव्या वर्षी बँकेत बसून जोडीने निर्णय कसा घ्यावा?

निवडीचा सराव लहानपणीच सुरू व्हावा लागतो आणि तो चित्रफलकावर दिसतो. घरी बनवलेले असे फलक पाहिले तर त्यांवर पाणी, भूक, झोप, लघवी, टीव्ही ही चित्रे असतात. देणाऱ्याच्या सोयीची सगळी आहेत. 'नको' नसते. 'थांब' नसते. 'मला राग आला' तर नसतेच. ते चित्र लावले की पहिल्याच आठवड्यात मूल ते वापरते, भाजीच्या ताटासमोर वापरते, पाहुण्यांसमोर वापरते, आणि घरातले चिडून टॅबलेट उचलून उंच फळीवर ठेवतात. बोलत्या मुलाने "नको" म्हटले तर कोणी त्याचे तोंड बांधत नाही. ह्या मुलांच्या बाबतीत तो टॅबलेट म्हणजेच तोंड आहे, म्हणून शिक्षा काहीही करावी, तो फळीवर जाऊ नये. आणि भाजी त्या दिवशी राहिली तर राहू द्यावी.